बॅटरी नऊ दिवसांत उतरते

शमू साडेचार महिन्यांची झाली त्या आठवड्यात माझ्या सेटची बॅटरी नऊ दिवसांत उतरली. ती चाळीस दिवस पुरायला हवी होती. पुरतेच, असं मी तीन वर्षं राबून सिद्ध केलं होतं, आणि पुढच्या पंधरा तारखेला तसं लिहिलेल्या कागदावर सही मलाच करायची होती.

सेट म्हणजे रेडिओवर चालणारं छोटं विमान उडवायचा ट्रान्समीटर. पोटाशी धरायचा डबा, त्यावर दोन काड्या, काड्यांवर दोन अंगठे. पुण्यातली आमची कंपनी लहान, दामलेसरांची, तीसेक माणसांची. हे सेट आणि त्यांच्या जोडीचे विमानात बसणारे रिसीव्हर, एवढंच बनवते. हा छंद असलेल्यांचं जगभर एकच रडगाणं असतं. रविवारी सकाळी माळावर पोचावं, वारा छान पडलेला असावा, आणि सेटनं टुंटुं करून सांगावं, मी चाललो.

यावर लोक काय काय करतात! पडद्याचा उजेड कमी करतात, आवाज बंद ठेवतात, मोठी बॅटरी कोंबतात आणि मग सेट पाट्यावरच्या वरवंट्याएवढा जड होतो. माझं म्हणणं होतं, हा एवढं खातो कशाला ते आधी बघू. खातो बोलायला. काड्या कुठे आहेत हे तो विमानाला सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा ओरडून सांगतो, अंगठा हललेला नसला तरी. थोडं डावीकडे, थोडं डावीकडे, थोडं डावीकडे. एखादं माणूस असं बोलायला लागलं तर आपण उठून जाऊ.

उपाय सुचला तो येमूल मामांमुळे. अंबादास येमूल, सोलापुरात यंत्रमागावर जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. मी अकरा वर्षांची असताना होटगी रस्त्यामागच्या माळावर त्यांनीच मला ग्लायडर उडवायला शिकवलं. हे मामा कारखान्यात चाळीस मागांच्या खडखडाटात बाकड्यावर गाढ झोपायचे, आणि एका मागाचा ठोका चुकला की टक्क जागे. कसं ऐकू येतं म्हणून मी विचारलं होतं.

"सगळं ऐकायचं कशाला गं? माहीत आहे ते कानाला सोडून द्यायचं. नवं तेवढं ऐकायचं."

मी तेच केलं. प्रत्येकाचा हात वेगळा असतो. वळण कसं घेतो, कुठे घाई करतो, उतरताना किती कचरतो. माझा सेट पहिल्या काही दिवसांत हे सगळं शिकतो आणि त्या हाताची एक नक्कल विमानातल्या रिसीव्हरकडे ठेवतो. मग सेट आणि विमान, दोघंही एकाच वेळी अंदाज बांधतात की हा हात पुढच्या क्षणी काय करेल. खरा हात अंदाजाप्रमाणे वागला तर सेट गप्प बसतो, विमान नकलेच्या भरवशावर उडतं. केसभर फरक पडला तरी चालवून घ्यायचा. त्याहून जास्त पडला तरच बोलायचं. मधूनमधून नुसती 'आहे मी' एवढी खूण, म्हणजे संपर्क तुटला असं विमानाला वाटू नये. कंपनीत आम्ही या पद्धतीला 'मौन' म्हणायचो. रोज तासभर उडवा, चाळीस दिवस चार्जर शोधू नका.

आणि आता माझाच सेट बडबड्या झाला होता.

बाळंतपणाला मी माहेरी, सोलापुरात आले होते. हर्षद, माझा नवरा, आमच्याच कंपनीत सेटच्या चाचण्या बघतो. तो दर शनिवारी यायचा. रोज संध्याकाळी ऊन उतरलं की आई शमूला माझ्याकडून काढून घ्यायची. "जा माळावर तासभर. तोंड बघवत नाही तुझं." माळाला आता तिन्ही बाजूंनी सौरपट्ट्यांनी वेढलंय. मधला तुकडा मामांनी भांडभांडून राखलाय म्हणून विमानं अजून उतरतात.

बॅटरी उतरली तेव्हा मी आधी सेल बदलले. सेट स्वतःच अंदाज सांगतो: या चालीनं आठ दिवस. अँटेना बदलली. आठ. डबा उघडून आतल्या सर्किटच्या पाटीवरचा एकेक सांधा भिंगातून तपासला. सात. म्हणजे यंत्र चोख होतं आणि खोट माझ्या गणितात होती. ज्या गणितावर पुढच्या महिन्यात हजारो सेट निघणार होते, त्या गणितात.

मी स्वतः कशी होते? झोप नव्हती, पण ती कुठल्या बाळंतिणीला असते? छातीत बसल्या जागी धडधडायचं. पंख्याखालीही घाम. आई म्हणायची, बाळंतिणीला असंच होतं. आईवर मी भाजीतल्या मिठावरून ओरडले होते आणि मग मोरीत जाऊन रडले होते. डिंकाचे लाडू, खीर, सगळं खाऊन मी वाळत चालले होते, आणि शेजारच्या काकू म्हणत होत्या, "नशीबवान गं बाई, आम्ही तर बाळंतपणात भोपळे झालो होतो."

एका सकाळी शमूची नखं काढत होते. तिची बोटं म्हणजे काय, भिजवलेल्या हरभऱ्याएवढी टोकं. नेलकटर जरा सरकला आणि करंगळीवर रक्ताचा एक ठिपका आला. शमू आधी माझ्याकडे बघत राहिली, हे तू केलंस का अशी, आणि मग रडली. आईनं नेलकटर माझ्या हातातून काढून घेतला. उरलेली नखं तिनंच काढली.

त्या दुपारी मी हर्षदला फोन केला. "मी सही करत नाही. दामलेसरांना सांग, जुनीच पद्धत टाका सेटमध्ये."

"थांब थांब. काय झालं?"

"गणित चुकलंय. आणि कुठे चुकलंय ते मला सापडत नाही. माझं डोकं गेलंय, हर्षद. पूर्वी मला असलं अर्ध्या तासात सापडायचं."

"डोकं कुठेही जात नाही. काल झोपलीस किती?"

"विषय बदलू नकोस."

"अगं, हाच विषय आहे. सेटमध्ये हात कधीचा आहे तुझा? शमूच्या आधीचा. सातवा महिना असताना तू शेवटचं शिकवलंस त्याला. आता तू दमलेली, वेगळी उडवत असशील. तो बिचारा जुनाच हात धरून बसलाय आणि दर क्षणाला म्हणतोय, हे नाही, हे नाही. म्हणून बोलतोय इतका."

"मग?"

"मग त्याला रोज नव्यानं शिकू दे. जसा हात असेल तसा. मी इथून बदल पाठवतो, तू फक्त सेट चालू ठेव. आणि झोप. कृपा कर, झोप."

तो बदल त्यानं रात्रभर बसून लिहिला, हे मला नंतर कळलं. तिसऱ्या दिवशी पडद्यावर आकडा आला: अडतीस. मी शमूला पाजत होते. तिला सांगितलं, "अडतीस गं, अडतीस!" आणि इतकी रडले की तिनं पिणं सोडून माझ्याकडे पाहिलं. गणित बरोबर होतं. मी तेवढी दमले होते, बस. सही करायला हरकत नव्हती.

त्या संध्याकाळी मी पेढे घेऊन माळावर गेले.

"कशाचे?" मामांनी विचारलं. "नाव तर ठेवून झालं पोरीचं."

"सेट बरा झाला मामा. हर्षदनं केला."

"जावई कामाचा निघाला म्हणायचा," ते म्हणाले आणि दोन पेढे एकदम तोंडात टाकले. मामांना आता बहात्तर चालू आहे. साखर वर्ज्य आहे, म्हणून दोनच.

मी वीस मिनिटं उडवलं. सौरपट्ट्यांवरून तापलेली हवा वर येते, त्यात ग्लायडर घारीसारखं चढतं. छान उतरलं. विमान पत्र्याच्या टेबलावर ठेवलं, सेट बाजूला ठेवला आणि थर्मासमधला चहा ओतायला लागले. मामांनी हात वर केला. थांब, अशी खूण. मान तिरकी केली.

"कुणकुण कसली गं ही?"

मला काही ऐकू आलं नाही. त्यांनी विमानाच्या शेपटीजवळ कान नेला. आत सर्व्हो असतो, शेपटीचं सुकाणू हलवणारी बोटभर मोटर. मीही वाकले. मग ऐकू आलं, डासाएवढं. आणि दिसलंही. सुकाणूचं टोक थरथरत होतं. बारीक, भरभर.

"असू दे मामा," मी म्हणाले. "केसभर फरक आहे तो. तेवढा चालवून घ्यायचा असंच ठरवलंय. त्यातच तर बॅटरी वाचते."

"ते नाही विचारलं मी. काडीला हात कुणाचा हाय?"

कुणाचाच नव्हता. सेट टेबलावर होता, मी चहाचा कप धरून उभी होते.

"मग हे हलवायलंय कोण?"

"नक्कल," मी म्हणाले. "माझ्या हाताची. काडी स्थिर आहे खरी, पण हात जसा असेल असं रिसीव्हरला वाटतं तसा तो..." मी कप खाली ठेवला.

मामांनी पेढ्याचा हात धोतराला पुसला. "माझा हात घाल त्यात."

त्यांचा हात माझ्या सेटमध्ये होताच, चाचणीसाठी दोन वर्षांपूर्वी शिकवलेला. मी तो लावला. सुकाणू दगडासारखं स्थिर झालं. सत्तरीतला हात. माझा पुन्हा लावला. थरथर सुरू.

"बस इथं," मामा म्हणाले. खिशातून सुताची गुंडी काढली. जॉबरच्या खिशात सूत असतंच, माग बंद होऊन दहा वर्षं झाली तरी. "हात पुढं कर. बोटं पसर. आता डोळे मीट. नव्या विणकराला घ्यायच्या आधी आम्ही असंच बघायचो."

त्यांनी सुताचा एक तुकडा माझ्या बोटांवर आडवा टाकला, दोन्ही टोकं खाली लोंबत. "उघड डोळे."

टोकं नाचत होती. वारा पडलेला होता.

"झोप नाही हो मामा. थकलेय मी."

"पोरी, दोन पाळ्या सलग ओढलेल्यांचे हात बघितलेत मी. थकला हात जड पडतो, खाली यायला लागतो. हा खाली येईना. हा पळायलाय. पट्टा ढिला झाला की माग वेगळा वाजतो, आणि मोटर जास्त फिरायली की वेगळा. तुझी मोटर जास्त फिरायली."

"म्हणजे काय झालंय मला?"

"मला काय विचारतीस? मी जॉबर. माग असता तर आत्ता खोलला असता. डॉक्टरला दाखव. उद्या नाही, आता. तसंच जा इथून. विमान मी आवरतो."

डॉक्टर बुरांडेबाईंनी गळ्याला हात लावला, नाडी मोजली, तीच बोटं पसरायला लावली आणि त्यावर वहीचं एक पान ठेवलं. पान फडफडलं. रक्ताचा अहवाल दुसऱ्या दिवशी आला. गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते, शरीर किती वेगानं चालावं हे ती ठरवते. बाळंतपणानंतर काही बायकांच्या त्या ग्रंथीला सूज येते आणि आत साठवलेलं सगळं एकदम रक्तात सुटतं. मग हृदय पळतं, घाम सुटतो, वजन उतरतं, हात कापतात, माणूस चिडतं. पुष्कळदा आपोआप बरं होतं. पण माझी नाडी एकशेतीसच्या वर होती आणि ठोके मधेच चुकत होते.

"आणखी महिनाभर असंच ओढलं असतंत तर तुम्हाला भरती करून घ्यावं लागलं असतं," त्या म्हणाल्या. "बायका येतच नाहीत हो. बाळंतिणीला असंच होतं म्हणतात. तुम्हाला कुणी पाठवलं?"

"यंत्रमागाच्या जॉबरनं."

"त्यांना म्हणावं, माझ्याकडे एक खुर्ची रिकामी आहे."

गोळी सुरू झाली, शमूच्या दुधाला चालेल अशी. घरी आल्यावर आईला सांगितलं तेव्हा ती ओट्याकडे वळली आणि पुसलेलाच ओटा पुन्हा पुसायला लागली. "मीच म्हणत होते ना, असंच होतं म्हणून," ती म्हणाली. "मला वाटलं, माझं झालं तसंच तुझं. मला तरी कुणी तपासलं होतं तेव्हा?" मी तिला मागून मिठी मारली. माझं हृदय तिच्या पाठीवर धडधडत होतं, तिला ते नक्की लागलं असणार.

हर्षद शनिवारची वाट न बघता आला. दारातच म्हणाला, "मी झाकून टाकलं. बॅटरी ओरडून सांगत होती आणि मी तिचं तोंड बंद केलं."

"वेड्या, तू सेटला माझा खरा हात शिकवलास म्हणून तर तो विमानाच्या शेपटीत दिसला. नाही तर मी आणखी चार वेळा सेल बदलले असते."

त्याला ते पटलं नाही. अजूनही पूर्ण पटलेलं नाही. पण खरं तेच आहे. त्या आठवड्यात मला वाचवायला जे जे पुढे आलं त्यात त्याची ती न झोपता काढलेली रात्रही होती. मामांचे कान होते, आईनं रोज संध्याकाळी मला घराबाहेर हाकलणं होतं. यातलं एक नसतं तरी माझ्या बोटांवर सूत कुणी टाकलं नसतं.

पंधरा तारीख मात्र तशीच उभी होती. तेरा तारखेला दामलेसरांचा फोन आला. "वैजयंती, तब्येत कशी आहे? बरं, हर्षदचा तो रोज शिकण्याचा बदल मी सगळ्या सेटवर लावून बघितला. चाळीस कसले, सत्तेचाळीस दिवस! डब्यावर सत्तेचाळीस छापतोय."

"सर, मग मी सही करणार नाही."

"अरे! आता काय राहिलं?"

"जो सेट रोज मुकाट्यानं शिकतो, तो हाताला काही झालं तर तेही मुकाट्यानं शिकतो. माझ्यासारखी कुणी असेल, कुणाला कंपवाताची सुरुवात असेल. आपण त्यांची बॅटरी वाढवू आणि ते खूश होतील."

"आपण खेळणी बनवतो गं. दवाखाना नाही काढला."

"रोग नाहीच सांगायचा. फक्त विचारायचं. सेटनं जुना हात जपून ठेवायचा, आणि नवा फार वेगळा वाटला की थांबून विचारायचं, हात बदललाय, नवा शिकू का? माणूस म्हणेल हो, नाहीतर म्हणेल थांब, आधी बघतो. आणि हे त्या सेटबाहेर कुठेही जाणार नाही. आपल्याकडेही नाही."

"आणि लोक उत्तर देईपर्यंत बॅटरी खाणार. किती राहतील दिवस?"

"छत्तीस."

पलीकडे कॅल्क्युलेटरची बटणं वाजली. सर वाईट नाहीत, ते फक्त आकडेमोड करत होते. मागे हर्षदचा आवाज आला, तो सोमवारी पुण्याला परतला होता: "सर, मीही तिच्याच बाजूनं आहे." मग सर म्हणाले, "नवरा-बायको एका कंपनीत घ्यायचे नाहीत असं माझे वडील सांगायचे," आणि फोन ठेवला. संध्याकाळी डब्याचा मजकूर आला. छत्तीस.

मी सही केली. अक्षर थोडं कापरं आलं, पण गणित माझं होतं.

हे सगळं मी शमूच्या दुपारच्या झोपांमध्ये तुकड्या-तुकड्यानं लिहितेय, म्हणून कुठे सांधा दिसला तर दिसू दे. शेवटचा तुकडा कालचा आहे.

काल डॉक्टरबाईंनी अहवाल बघून गोळी बंद केली. नाडी बहात्तर. तिथून मी आईला आणि शमूला घेऊन थेट माळावर गेले. सेटमध्ये नवी, विचारणारी पद्धत, आणि जुना हात, शमूच्या आधीचा. मला आकडा बघायचा होता. तो छत्तीस आला की मी पूर्वीची झाले, असं मी स्वतःशी ठरवलं होतं. दोन महिने त्याच दिवसाची वाट बघत होते.

पाऊण तास उडवलं. सेटनं टुण केलं. बावीस दिवस. खाली प्रश्न: हात बदललाय. नवा शिकू का?

मी विमान उतरवलं आणि सुकाणू बघितलं. स्थिर. हात पसरून बघितला. स्थिर. "मामा, अजून आहे काहीतरी. बघा ना."

मामांच्या मांडीवर शमू होती, त्यांची दाढी ओढत. ते हसायला लागले.

"मी बघतच होतो की. पूर्वी तू वळणाला घुसायचीस. हवा मिळाली की सुसाट, विमान पडलं तर पडलं. आज प्रत्येक वळणाच्या आधी थांबायलीस. वर बघतीस, खाली बघतीस, मग वळतीस."

"मग हे वाईट का?"

"वाईट कुठं? हळू झालाय हात. तुला कुणी सांगितलं पहिल्यासारखाच पाहिजे म्हणून?"

आई म्हणाली, "ही पूर्वी पोळ्यासुद्धा करपवायची, घाईनं." आईला विमानातलं काही कळत नाही, पण बोलायचं ती सोडत नाही.

विमान पुन्हा हवेत सोडलं. पट्ट्यांवरची गरम हवा लागली, ते चढायला लागलं. मी वळणाआधी थांबले. हो, थांबले. मला कळलंसुद्धा नव्हतं. वर बघितलं, खाली बघितलं. खाली मामांच्या मांडीवर शमू तोंड उघडून त्या विमानाकडे बघत होती.

मी अंगठा उचलून 'हो' दाबलं. सेटनं थोडा वेळ बडबड केली, मग एकेक शब्द गाळत गेला, आणि पाचव्या वळणाला गप्प झाला.